समान पातळी

दोन यंत्रांच्या आवाजाची तुलना करायची असेल, तर सर्वप्रथम त्यांची पातळी समान करावी लागते. जे यंत्र किंचित मोठ्याने बोलते, ते माणसाला अधिक चांगले वाटते. हा कानाचा दोष आहे आणि तो शिकलेल्यांनाही चुकत नाही. मी हे कराडच्या तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी शिकलो, दूरध्वनी खात्यात चौतीस वर्षे तारांवरील खरखर मोजताना पाळले, आणि निवृत्तीनंतर उंब्रजहून महिन्यातून एकदा सांगलीच्या श्रवणमंडळाला जाऊ लागलो, तेव्हा तेथेही लागू केले. त्यामुळे मंडळात माझा शब्द अखेरचा मानला जाई.

मंडळ म्हणजे तीन माणसे. विश्रामबागेतील बंगल्याचे मालक लालासाहेब, ज्यांचा ऊस कृष्णाकाठी आणि पेट्रोल पंप हमरस्त्यावर. मिरजेचे दंतवैद्य जयराव. आणि मी, हिंदुराव, ज्याला सगळे नाना म्हणतात. रविवारी सकाळी जमायचे, एकाच हेडफोनवर आळीपाळीने ऐकायचे आणि श्रवणनोंदी मी लिहायच्या, असा आमचा रिवाज होता.

मार्चमध्ये लालासाहेबांनी परदेशातून एक डॅक मागवला. आकड्यांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीला पुन्हा विद्युतलहरींचे रूप देणारी ही पेटी. फोनमध्येही ती असते, नखाएवढी. लालासाहेबांची मात्र दोन्ही हातांनी उचलावी लागे आणि तिच्या दर्शनी काचेमागे जुन्या रेडिओत असत तसे दोन व्हॉल्व्ह केशरी उजेडात तेवत असत. तिच्यावर मी चार पाने लिहिली. ‘गायिका समोर येऊन बसल्याचा भास होतो’, ‘तानपुरा मधाळ’, ‘आजवर ऐकले ते पडद्याआडून होते’ अशी वाक्ये मी त्यात घातली. लिहिताना माझ्यासमोर यंत्र उघडे होते, त्याचे नाव मला माहीत होते आणि मालक शेजारी बसले होते. लालासाहेबांनी ती पाने लॅमिनेट करून यंत्राच्या वरच भिंतीवर लावली. येणारा प्रत्येक पाहुणा आधी ती वाची आणि मगच हेडफोन कानाला लावी.

प्रबुद्ध कराडशेजारच्या मलकापूरचा. त्याचे वडील अर्जुना माझ्या हाताखाली लाइनमन होते. त्यांनी खांबावर चढून जोडलेला सांधा मला कधी पुन्हा पाहावा लागला नाही. मुलानेही माझ्याच तंत्रनिकेतनातून पदविका घेतली, आणि आता चौतिशीत तो इन्व्हर्टर व पंपांचे स्टार्टर दुरुस्त करण्याचे दुकान चालवतो. दुकानाच्या मागच्या खोलीत तीन वर्षे खपून त्याने स्वतःचा डॅक बांधला होता. पुण्याच्या एका उत्पादकाने ती रचना बाजारात आणण्याची तयारी दाखवली होती. अट एकच होती. एखाद्या नामांकित यंत्राशी त्याची झाकून तुलना व्हावी आणि कोणा जाणत्या, बाहेरच्या माणसाने अहवालावर सही करावी.

“नाना, सगळं तुमच्या सहीवर हाय,” प्रबुद्ध मला म्हणाला. “चांगलं लिवा असं म्हणत न्हाई. ऐकाल ते लिवा.”

“वाईट वाटलं तर तेही लिहीन.”

“लिवा की! माझं कुठं चुकलं ते तरी कळंल.”

त्याची बायको अक्षता चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “आवं नाना, हे झोपंत बी तुमचंच नाव घेत्यात. लगीन होऊन आठ वर्सं झाली, माझं एकदा न्हाई आलं.”

लालासाहेबांना विचारले तेव्हा ते फोनवर खो खो हसले. “आणा की त्याला. आमच्या मुऱ्हा म्हशीशेजारी रेडकू बांधून बघू गड्या, दूध कोण देतंय ते!”

पुढच्या बैठकीच्या रविवारी प्रबुद्धच्या गाडीतून आम्ही सांगलीला गेलो. लालासाहेबांची सून राजेश्वरी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. यंत्रे बदलण्याचे काम मी तिच्याकडे दिले. प्रथम हजार आवर्तनांचा स्थिर स्वर सोडून मी मीटर लावला. परदेशी यंत्राचे माप आले दोन पूर्णांक शून्य तीन व्होल्ट. प्रबुद्धचे यंत्र थोडे चढे होते, म्हणून त्याच्या वाटेतील बटण मी केसाकेसाने खाली आणू लागलो.

“वाच,” मी राजेश्वरीला म्हणालो.

“दोन पॉइंट झिरो तीन.”

“पुन्हा एकदा.”

“दोन पॉइंट झिरो तीनच, नाना. आता श्वास सोडा.”

मी दोन्ही आकडे वहीत लिहिले. मग आम्ही सारे बाहेर गेलो, तिने दोन्ही पेट्यांवर चादर टाकली आणि कोणत्या यंत्राला ‘क’ म्हणायचे व कोणत्याला ‘ख’, हे तिने एकटीने ठरवले. चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून प्रबुद्धने ओसरीतच थांबावे, हा नियम माझा. तो पायरीवर बसला. थोड्या वेळाने चहा आला. आम्हाला कपबशीत, त्याला कागदी पेल्यात. तो बाहेर बसला आहे म्हणून असेल, असे मी मनाशी म्हणालो आणि नोंदवहीचे पान उलटले.

ऐकताना मला जे जाणवले, ते येथे जसेच्या तसे देतो. पहिला तुकडा तोडीचा होता. ‘क’वर गायिकेचा आवाज मोठा आणि गोलसर वाटला, पण प्रत्येक स्वराच्या कडा सारख्याच मऊ झाल्या होत्या. बोलणाऱ्याने तोंडात गुळाचा खडा धरावा, तसे. ‘ख’वर तोच आवाज आकाराने लहान झाला, मात्र ती कोमल गंधारावर किती वेळ थांबते आणि तेथून कशी निसटते, हे वेगळे करून दाखवता येत होते. तानपुऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी होत्या. दुसरा तुकडा धनगरांच्या गजी ढोलाचा, मीच एका जत्रेत ध्वनिमुद्रित केलेला. ‘क’वर ढोलाचा घुमारा पुढच्या थापेपर्यंत रेंगाळला. ‘ख’वर थाप पडली आणि संपली. मधल्या शांततेत नाचणाऱ्यांचे पाय ऐकू आले, आणि ते मी त्या जत्रेनंतर प्रथमच ऐकत होतो. मला गहिवरून आले. वहीत मी लिहिले : ‘ख यंत्र स्वतः बोलत नाही. हीच त्याची थोरवी.’

दहा फेऱ्यांपैकी नऊ वेळा मी ‘ख’ निवडले. जयरावांनी आठ वेळा, आणि आपल्या चिठ्ठीवर लिहिले, ‘मोकळा, खणखणीत’. लालासाहेबांनी सात वेळा. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “सूनबाई, आता चादर काढा. ख आमचंच आसणार. परदेशी माल लपत न्हाई.”

राजेश्वरीने चादर काढली. ‘ख’ची चिठ्ठी साध्या अॅल्युमिनियमच्या पेटीवर होती.

प्रबुद्धला आत बोलावले गेले. तो दारात उभा राहिला.

“तरीच,” जयराव म्हणाले. “मला मघापासून जरा रांगडा वाटत होता.”

लालासाहेब हसले, पण ते हसू ओठांपलीकडे गेले नाही. “कवतिक हाय गड्या. तुमच्यातली पोरं हुशारच असत्यात.” ‘तुमच्यातली’ हा शब्द आमच्या भागात कोणालाही उलगडून सांगावा लागत नाही. प्रबुद्धने तो ऐकला आणि माझ्याकडे पाहिले. लालासाहेबही माझ्याकडेच वळले. “पण काय ओ नाना, ह्याचा आवाज थोडा चढा ऱ्हायला नसंल न्हवं? तुमीच सांगता, चढा आवाज गोड लागतो म्हणून.”

प्रश्नाचे उत्तर माझ्या मांडीवरच्या वहीत, माझ्याच अक्षरात होते. ‘मी मोजले आहे’ एवढेच म्हणायचे होते. पण माझी नजर भिंतीवर गेली. ‘ख’ खरे मानले तर ती चार पाने रद्दी होती. गुळाच्या खड्याला मी मध म्हटले होते, तेही डोळ्यांनी बघून. माझा शब्द अखेरचा मानणाऱ्या घरात हे माझ्या तोंडून निघाले नाही.

“तपासावं लागेल,” मी म्हणालो.

“काय तपासायचं?” राजेश्वरी म्हणाली. “तुम्ही मोजलंत की, नाना. आकडा मीच वाचला, तोही दोनदा.”

तिने मला परत फिरण्याची वाट दिली होती, आणि मी आणखी एक पाऊल पुढे टाकले. “मीटरची बॅटरी उतरली असावी. तशा वेळी मीटर खोटं दाखवतो.”

हे वाक्य पाठ्यपुस्तकातले आहे आणि खरे आहे. बॅटरी नवी होती, आदल्या शनिवारी घातलेली.

“आवं नाना,” प्रबुद्ध दारातून हळूच म्हणाला, “उतरली आसली तरी दोन्हीला बी तेवढंच खोटं दावणार की. तुलनेला काय फरक पडतो?”

तोंडी परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने हे सांगितले असते, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

“तू थांब रं जरा,” लालासाहेब म्हणाले. “नाना बोलत्यात न्हवं?”

“प्रबुद्ध, मोजमापाच्या बाबतीत घाई बरी नव्हे,” मी म्हणालो. राजेश्वरीने चादरीची घडी घातली आणि माझ्याकडे न पाहता आत निघून गेली.

अहवाल तेथेच लिहिला गेला. ‘ध्वनिपातळी समान असल्याची खात्री नसल्याने तुलनेचा निष्कर्ष राखून ठेवला आहे.’ वाक्य निर्दोष आहे. त्यात कोणाची निंदा नाही. खाली मी सही केली, आणि सही करताना अक्षर हलले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

परतीच्या वाटेवर इस्लामपूर मागे पडले. पेठनाक्याच्या अलीकडे प्रबुद्धने गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडले आणि माझ्या खिडकीशी आला.

“नाना, मीटर द्या जरा.”

मी पिशवीतून काढून दिला. त्याने गाडीच्या बॅटरीला दोन्ही टोके लावली, आकडा पाहिला, मग स्वतःच्या पेटीतून त्याचा मीटर काढून त्यानेही मोजले. दोन्ही मीटर एकमेकांशेजारी धरून त्याने ते मला दाखवले. फरक नव्हता.

“बारा पॉइंट सहा,” तो म्हणाला. “तुमचा मीटर चांगला हाय, नाना. जपून ठिवा.”

गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, “मी दुसरा अहवाल लिहून देतो.”

“लिवा. पण पयला खोटा हाय, असं त्यात लिवाय लागंल. आन् तुमी मोजलं व्हतं, ते बी.” त्याने समोरच्या ट्रकला ओलांडले. “लिवता?”

“विचार करून सांगतो.”

“व्हय. तपासायला लागंल,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग असता तर मला सोपे गेले असते.

मलकापूर आले, त्याचे दुकान रस्त्यावरून दिसले, पण तो थांबला नाही. मला उंब्रजपर्यंत सोडायचे कबूल केले होते, म्हणून त्याने सोडले. दार उघडून माझी पिशवीही हातात दिली. वडिलांनी लावलेले वळण ते. मी त्याला पाणी घेऊन जा म्हणालो, तर घड्याळाकडे बघून तो निघून गेला.

दुसऱ्या अहवालाचा मसुदा मी चार वेळा केला. पहिल्यात कारण दिले नव्हते. दुसऱ्यात बॅटरी होती. तिसऱ्यात ‘अनवधानाने’ हा शब्द आला आणि मीच तो खोडला. चौथा खरा होता, एका पानाचा. तो पाकिटात घातला आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला सांगलीला नेला, कारण त्याची एक प्रत लालासाहेबांना देणे रीतसर ठरले असते. तेथे नवा हेडफोन आला होता. जयरावांनी माझ्यासाठी मधली खुर्ची रिकामी ठेवली होती. राजेश्वरी दिसली नाही. पाकीट पिशवीतच राहिले.

पुण्याच्या उत्पादकाने नमुन्याचे यंत्र परत पाठवल्याचे मला मलकापूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून कळले. निष्कर्ष नसलेल्या अहवालावर त्यांना पुढे जाता येत नव्हते. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे बरोबर होते. त्या दिवशी मी प्रबुद्धला फोन लावला. चौथा मसुदा समोर ठेवला होता. पुण्याला थेट पाठवतो, असे सांगायचे होते, आणि त्या क्षणी तरी मी तसे केले असते असे मला वाटते.

फोन अक्षताने उचलला. “नाना व्हय? बोला की.”

“प्रबुद्ध आहे का?”

तिने फोनवर तळहात ठेवला असावा. आवाज दबला, घोगरा झाला. दूरध्वनी खात्यातील माणसाला दबलेली ओळ ऐकण्याची सवय असते. मागे पंख्याची घरघर होती. पाटावर काही धातूचे ठेवल्याचा आवाज झाला. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून शब्द स्पष्ट आले : “न्हाई म्हणून सांग.”

तळहात बाजूला झाला.

“न्हाईत ओ नाना,” अक्षता म्हणाली. “भायेर गेल्यात. काय निरोप हाय का?”

“नाही,” मी म्हणालो. “काही नाही.”