झेंडा वरच राहिला

मित्रांनो, मला पत्रं आणणारी पेटी म्हणा नाहीतर पत्रं नेणारी म्हणा, दोन्ही खरं आहे. अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या डोंगरात, लार्च क्रीकच्या कच्च्या रस्त्याला, सीडरच्या एका खांबावर मी एकोणीस वर्षं उभी आहे. अंग पत्र्याचं, पाठ गोल, समोर एक झाकण आणि कुशीला हाताच्या पंजाएवढा लाल झेंडा. आता रंग उडाला आहे आणि झाकण नीट लागत नाही. खरं सांगायचं तर मी दमले आहे. पण एक गोष्ट पोटात राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय मला गंजायचंही नाही.

आधी झेंड्याचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. आमच्या भागात पोस्टात जायला चाळीस मैल पडतात. म्हणून घरच्यांना पत्र पाठवायचं असलं की ते माझ्या पोटात ठेवतात आणि झेंडा वर करतात. पोस्टवाली येते, पत्र घेते आणि झेंडा खाली करते. घरच्यांना लांबूनच कळतं, की पत्र गेलं. बाहेरून आलेल्या पत्राला मात्र झेंडा नाही. ते ठेवलं की पोस्टवाली दोनदा हॉर्न वाजवते आणि पुढे जाते. इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे हे कोणी कोणाला कधी शिकवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका साच्यातल्या आम्ही हजारो बहिणी. त्यातली मी गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात खिळ्यांच्या पिंपाशेजारी वर्षभर पडून होते. डेल रॅसमसनने लग्नाच्या आठवड्यात मला विकत घेतलं. डेल लाकूडतोड्या होता. त्याने खड्डा खणला, खांब दगडांनी ठासून बसवला. त्याची बायको लॉर्ना हिने माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने त्यांचं आडनाव लिहिलं आणि शेजारी एक निळा पक्षी काढला. पक्षी बदकासारखा दिसत होता, पण मला फार आवडला.

"छप्पर गळतंय, दार लागत नाही, पण पेटी बघा कशी ताठ उभी आहे!" लॉर्ना हसून म्हणाली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक तेच.

पुढची वर्षं सुखाची गेली. बियाण्यांचे कॅटलॉग आले, लॉर्नाच्या बहिणीची पत्रं आली, त्यांची मुलगी टेस जन्मली तेव्हा इतकी कार्डं आली की झाकण उघडं ठेवावं लागलं. एकदा गाडीतून जाणाऱ्या टवाळ पोरांनी बॅट मारून माझी एक बाजू चेपली. डेलने आतून मुठीने ठोकून ती बाहेर काढली आणि दिवसभर त्या पोरांचा उद्धार केला. आमची पोस्टवाली व्हर्ना किटल. साठीची, जाडजूड, तोंडाने फटकळ. नाताळात लॉर्ना तिच्यासाठी माझ्या पोटात हकलबेरीच्या मुरंब्याची बरणी ठेवायची.

मग झऱ्याचं भांडण आलं. घरामागच्या जंगलात एक झरा होता, डेलच्या आजोबाने त्याला कुंपण घातलं होतं. जमीन सरकारची, कुंपण काढा, असं पत्र आलं. डेलने काढलं नाही. दुसरं आलं, तिसरं आलं. डेल तसा वाईट माणूस नव्हता, पण एकदा रुसला की रुसला, आणि इथं तर तो अख्ख्या सरकारवर रुसला. गाडीची नंबरपाटी त्याने काढून टाकली, टेसला शाळेतून काढलं, आणि फाटकावर फळी ठोकली, "इथं वॉशिंग्टनचं राज्य नाही." सरकारी पाकीट आलं की त्यावर तो लिहायचा, "नको. परत न्या." मग ते माझ्याच पोटात ठेवून माझाच झेंडा वर करायचा.

"अरे, समन्स आहे ते. उघडून तरी बघ," व्हर्ना म्हणायची.

"ज्यांना मी मानत नाही त्यांची पत्रं कशाला उघडू?"

"आणि मी कोण मग? टोपी सरकारची, पगार सरकारचा. तुझा टोमॅटोच्या बियांचा कॅटलॉगही सरकारच आणून देतंय, बाळा."

"तुझी गोष्ट वेगळी. तू व्हर्ना आहेस."

"वा! मोठी मेहरबानी झाली."

दोघं हसायचे. मला मात्र हसू येत नव्हतं. त्या पाकिटांचं वजन पोटात घेणारी मी होते.

एका उन्हाळ्यात कुंपण काढायला आलेल्या माणसावर डेलने बंदूक रोखली. झाडली नाही, पण रोखली. अटकेचा हुकूम निघाला आणि ऑक्टोबरात, लार्चची झाडं पिवळी झाली तेव्हा, सरकारची हत्यारबंद माणसं आली. साठ-सत्तर तरी असतील. त्यांनी घराला वेढा घातला, कर्ण्यावरून हाका मारल्या, रात्रभर घरावर दिवे रोखले, दारात टेलिफोन ठेवला. डेलने तो लाथेने खड्ड्यात उडवला. घरात तीनच माणसं: डेल, लॉर्ना आणि सोळा वर्षांची टेस. असे नऊ दिवस गेले. खिडकीत टेसची सावली दिसली की ती हलेपर्यंत मी तिकडेच बघत राहायचे. डेलचं काय व्हायचं ते होवो, पण ही पोर आणि तिची आई सुखरूप बाहेर यावीत, एवढंच मला वाटत होतं.

दहाव्या दिवशी व्हर्ना त्यांच्या नाक्यावर जाऊन भांडली. बोलणी करायला नेमलेला अधिकारी होता एम्स. लांबच्या शहरातला, काटकुळा, थंडीने सतत नाक पुसणारा.

"फोन कसले टाकताय त्याच्या दारात?" व्हर्ना त्याला म्हणाली. "तो माणूस पत्र वाचतो. हाताने लिहिलेलं, शिक्का नसलेलं. लिहा, मी नेऊन ठेवते."

एम्सने लिहिलं, की तुला काय हवं ते कळव, पेटीपाशी येणाऱ्यावर कोणी गोळी झाडणार नाही. व्हर्नाने ते माझ्या पोटात ठेवलं आणि दोनदा हॉर्न वाजवला. तासाभराने डेल खाली आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पाकीट घेतलं, जाता जाता सवयीने माझ्यावरची वाळकी पानं झटकली आणि वर गेला.

सोमवारी दुपारी तो पुन्हा आला. माझ्या पोटात पत्र ठेवलं आणि झेंडा वर केला. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दहा दिवसांत जे कर्ण्याला आणि दिव्यांना जमलं नाही ते एका पत्र्याच्या पेटीला जमलं होतं.

पण मंगळवारी व्हर्ना आलीच नाही. सामान्य माणसांनी पुढे जायचं नाही, असा वरून हुकूम आला होता. सकाळी दरीत नेहमीचं दाट धुकं होतं. त्या धुक्यातून एम्स आणि हॉलिस नावाचा एक तरुण अधिकारी वाकून चालत आले. एम्सने पत्र काढून माझ्यापाशीच हलक्या आवाजात वाचलं.

"लॉर्ना आणि टेसला लॉर्नाच्या बहिणीकडे जाऊ द्या. त्यांच्यावर काही गुन्हा लावू नका. माझा खटला इथल्याच गावात, इथल्या माणसांसमोर चालवा. एवढं कबूल असेल तर मी स्वतः चालत खाली येतो. डेल."

"सर, हा झेंडा खाली करायचा का?" हॉलिसने विचारलं.

"नको, राहू दे. उद्या आपलं उत्तर ठेवलं की ते त्याला लांबून कळायला हवं. तुमच्या घरी पेटीचं कसं असतं?"

"आमच्याकडे जिन्याखाली किल्लीच्या पेट्या आहेत, सर. चाळीस बिऱ्हाडांच्या."

"माझ्याकडे ऐंशी," एम्स म्हणाला.

दोघं धुक्यात निघून गेले. झेंडा वरच राहिला.

बुधवारी पहाटे, धुक्यातच, एम्सने उत्तर आणून ठेवलं. ठेवण्याआधी हॉलिसला वाचून दाखवलं. डेलच्या तिन्ही गोष्टी मान्य होत्या. फक्त गुरुवारी दुपारी बारापर्यंत त्याने उत्तर द्यावं, वरचे लोक त्याहून जास्त थांबायला तयार नाहीत.

"सुटलो, हॉलिस," एम्स म्हणाला आणि झेंडा ताठ उभा आहे ना ते बोटाने चाचपून पाहिलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. चांगला माणूस होता हो! म्हणूनच अजून त्रास होतो.

धुकं विरलं. वर खिडकीत दुर्बिणीची काच चमकली. डेलला काय दिसलं असेल? झेंडा वर. म्हणजे त्याचं पत्र जिथं ठेवलं तिथंच, कोणी हात लावलेला नाही. हॉर्नही वाजलेला नाही. तो वर वाट बघत होता, की हे पत्र कधी नेतात. हे खाली वाट बघत होते, की तो पत्र कधी घेतो. आणि "होकार" माझ्या पोटात पडून होता. मला ओरडता आलं असतं, निदान नुसता झेंडा तरी पाडता आला असता! पण बिजागरी घट्ट होती आणि त्या दिवशी वाराही नव्हता.

घरात काय झालं ते पुढे हिवाळ्यात, उरलंसुरलं सामान न्यायला आली तेव्हा, लॉर्नाने माझ्याजवळ उभं राहून व्हर्नाला सांगितलं. "दोन दिवस तो तेच म्हणत होता, व्हर्ना. बघ, आयुष्यात पहिल्यांदा मी यांना पत्र लिहिलं, आणि यांनी ते उचललंसुद्धा नाही. मी म्हटलं, जाऊन बघून तरी ये. तर म्हणाला, मी लिहिलं, आता न्यायचं त्यांनी. गुरुवारी मी कोट घातला. म्हटलं, तू जात नाहीस तर मी जाते. तेव्हा कुठे उठला."

गुरुवारी डेल खाली उतरला तेव्हा बारा वाजून गेले होते. कमरेला नेहमीचं पिस्तूल होतं, हात मोकळे होते. त्याने झाकण उघडलं, पाकीट काढलं, ते आपलं नाही हे पाहून दचकला आणि वाचू लागला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग तो घराकडे वळून ओरडला, "लॉर्ना! हो म्हणालेत! सगळ्याला हो म्हणालेत!"

वीस पावलांवर झाडीत एम्स आणि हॉलिस होते. एम्स हातातल्या रेडिओत किंचाळत होता, "थांबा! तो वाचतोय! सगळे थांबा!"

पण मुदत संपली म्हणून सरकारची हत्यारबंद माणसं बाराच्या ठोक्यालाच डोंगराच्या पाठीमागून घराकडे निघाली होती, आणि मधल्या कड्यामुळे त्यांना रेडिओ लागला नाही. घरामागे गोळीचा आवाज झाला. पहिली कोणाची, हे चौकशीत शेवटपर्यंत ठरलं नाही. डेलला एवढंच कळलं, की आवाज टेस होती तिकडून आला. त्याने पिस्तूल उपसलं आणि घराकडे पळाला. त्याला अडवायला हॉलिस झाडीतून बाहेर आला. डेलची गोळी हॉलिसच्या मानेला लागली. दुसऱ्या बाजूने आलेल्या गोळ्यांनी डेल माझ्यापासून चाळीस पावलांवर पडला. पत्र त्याच्या डाव्या मुठीत होतं. दोघंही पुन्हा उठले नाहीत.

लॉर्ना आणि टेस हात वर करून चालत खाली आल्या. त्यांना काही झालं नाही. मी मागितलं होतं ते मला मिळालं, आणि तरीही मला त्याचा आनंद झाला नाही. त्या दोघी लॉर्नाच्या बहिणीकडे राहायला गेल्या. पत्रात ठरलं होतं तसंच.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर एक भाड्याची गाडी माझ्यापाशी थांबली. एम्स उतरला. नोकरी सोडल्याचं अंगावरच्या साध्या कपड्यांवरून दिसत होतं. थोड्या वेळाने व्हर्ना आपल्या फेरीवर आली.

"एकच विचारायचं होतं, बाई," तो म्हणाला. "उत्तर दीड दिवस या पेटीत होतं. त्याने का घेतलं नाही?"

"झेंडा कोणी वर ठेवला होता?"

"मीच. त्याला दिसावा म्हणून."

व्हर्नाने हातातली पत्रं माझ्या पाठीवर ठेवली. मग तिने झेंड्याचा अर्थ सांगितला, मी तुम्हाला सुरुवातीला सांगितला तेवढाच, चार वाक्यांत.

"मला हे कोणी सांगितलं नाही," एम्स म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत, साहेब. त्याने उतरून बघितलं नाही. आणि मला सांगायचं सुचलं नाही. चौतीस वर्षं हेच काम करतेय, हे कोणाला सांगावं लागतं असं वाटलंच नाही." तिने टोपी काढून डोळे पुसले. "आता तुम्हीच खाली करा तो. मला करवत नाही."

तो झेंडा ऑक्टोबरपासून तसाच होता. गंजला होता. एम्सला दोन्ही हात लावावे लागले. बिजागरी करकरली, लाल रंगाचे पोपडे त्याच्या तळव्याला चिकटले, आणि झेंडा खाली आला.

मित्रांनो, मी साधी पेटी आहे, मोठं काही मागत नाही. माझ्यासारखी कोणी रस्त्याकडेला दिसली तर तिच्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा. परक्या दारात जाल तेव्हा तिथली खूण काय आहे ते आधी विचारा. विचारायला लाज वाटू देऊ नका. आणि तुम्ही घरात असाल, बाहेरच्यांवर रुसलेले असाल, तर एकदा उतरून झाकण उघडून बघा. उत्तर आलेलं असतं.

आता माझा झेंडा खाली आहे. डेलचं पत्र पोचलं, असा त्याचा अर्थ. वरच्या खिडकीतून तो बघायला मात्र कोणी नाही.