यमनाप्पाची पावडर

हरिभाऊ बेळगावच्या कचेरीत हेडक्लार्क होते. खुर्चीतून उठणं म्हणजे हुद्द्याला बट्टा, अशी त्यांची ठाम समजूत. घर दोन गल्ल्यांवर, तरी टांगा. टोपी पडली तर उचलायला शिपाई. अखेर १९३६ साली डॉक्टर म्हणाले, "साखर फार वाढलीय. असंच चाललं, तर वसुधेच्या लग्नापर्यंत तुमचे पाय राहतील याची हमी मी देत नाही."

हरिभाऊ हादरले. लेकीच्या मांडवात मग उभं कोण राहणार?

त्याच आठवड्यात खासबागेतला विणकर यमनाप्पा अर्ज घेऊन आला. वय सत्तर, आणि जिना चढला दोन-दोन पायऱ्या गाळत.

"यमनाप्पा, औषध काय घेतोस रे?"

"आमास्नी कसलं औषध, रावसाहेब? पावडी हाय की!"

"पावडर! दिवसातून किती वेळा?"

"धा हजार डाव तरी व्हत असंल."

हरिभाऊंनी टिपून घेतलं. "पाण्यातून की दुधातून?"

"पायानं."

हरिभाऊंनी तेही टिपलं.

रविवारी ते टांग्यानं खासबागेत पोचले आणि साखरेचं, पायांचं सगळं दुखणं सांगून बसले. यमनाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. एक पाय खाली, दुसरा वर, खटक-खटक! त्याच्या पायांखालच्या फळ्या दाखवत त्याची बायको बायाक्का म्हणाली, "ही बघा पावडी."

हरिभाऊंनी वाकून म्हाताऱ्याच्या पोटरीला बोट लावलं. सागवान! "इतकी वर्षं वापरून झिजली कशी नाही?"

बायाक्काच म्हणाली, "लुगडं नेसून झिजतंय, अण्णा. अंग न वापरता झिजतंय! राबती पोटरी भुकेली असत्याय, रगतातली साखर तीच खात्याय. तुमची बिचारी खुर्चीत निजलीया. बसा की मागावर!"

"पण हेडक्लार्क मागावर? लोक काय म्हणतील?"

"पाय गेल्यावर काय म्हन्तील, त्ये आदी इचारा की!"

हरिभाऊ खड्ड्यात उतरले. वर काढायला तीन माणसं लागली. पण पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, आणि चालत आले. पावडी रोजची झाली, ताटातलं गोड सुटलं, टांगा सुटला.

सहा महिन्यांनी डॉक्टर तपासणीचा कागद उलटसुलट करून पाहत राहिले. "साखर उतरलीय! काय घेतलंत?"

"पावडी."

"पावडर? कुठल्या कंपनीची?"

हरिभाऊंनी धोतर वर करून पोटरी पुढे केली. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली. "राबणारा स्नायू साखर जाळतो, हे पुस्तकात वाचलं होतं. हाताला आजच लागलं!"

वसुधेच्या लग्नात हरिभाऊ दिवसभर उभे होते. कुणी खुर्ची पुढे केली, की म्हणत, "आजाऱ्याला द्या."

बंधूंनो, घामाला कमीपणा मानू नका! वापरल्यानं वाढणारी वस्तू देवानं एकच दिलीय, हे अंग, आणि आपण तिलाच गादीवर जपून ठेवतो.