शेगडीजवळची जागा

आमच्या गावच्या स्कीच्या शर्यतीत सगळ्यात जोरात येणारा जिंकत नाही. युद्धानंतर ओळीने तीन वर्षं वरच्या आळीतले तिघे भाऊच जिंकत होते, आणि दर वर्षी बक्षिसाच्या वेळी कुणाचे ना कुणाचे दात पडत होते. शेवटी तेव्हाच्या पाद्रीबाबांनी तोडगा काढला. सगळ्यांच्या वेळांची सरासरी काढायची, आणि जो सरासरीच्या सर्वांत जवळ तो विजेता. तेव्हापासून दात शाबूत राहिले.

बक्षीस म्हणजे एक जागा. झेन्झीच्या खानावळीत हिरव्या फरश्यांच्या, पुरुषभर उंच शेगडीला लागून, खिडकीपाशी एक बाक आहे. पुढच्या शर्यतीपर्यंत तो विजेत्याचा. विजेता आला नाही तर बाक रिकामा राहतो. एकदा एक पाहुणा चुकून तिथे टेकला, तर झेन्झीने त्याच्या पुढ्यातला सूपचा वाडगा उचलून नेला होता.

माझा नवरा क्विरिन तीनदा जिंकला. तेव्हा मी वरच्या झोपड्यांना पाव पोचवायचे आणि संध्याकाळी पाठीला रिकामी टोपली बांधून स्कीवरून खाली यायचे. क्विरिन त्या बाकावर बसलेला असायचा. मी आत शिरले की म्हणायचा, "काय बुर्गी, आज डाव्या वळणावर आडवी झालीस ना?" आणि मी खरंच पडलेली असायचे. "तुला काय माहीत?" विचारलं की शेगडीला पाठ टेकून सांगायचा, "इथून सगळा उतार दिसतो." त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तिथून काय दिसतं ते मला एकदा स्वतः पाहायचं होतं. पण त्या बाकावर बसायचं तर जिंकावं लागतं, आणि यंदाची शर्यत माझी शेवटची होती. ईस्टरनंतर डॉक्टर माझ्या कमरेचा सांधा बदलणार होते, आणि त्यानंतर स्कीला हात लावायचा नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती.

गेली दोन वर्षं बाक गेबहार्टकडे होता. हा पोस्टातून निवृत्त झाला आणि त्याने फोनवर स्कीचं एक अ‍ॅप घेतलं. वेग किती, उतार किती, वळण कसं घेतलं, सगळं ते सांगतं. कानात एक बाई बोलत असते. वर्षभरात सगळ्या गावाने ते घेतलं. साठ वर्षं स्कीवर काढलेल्या फर्डीला अ‍ॅपने कळवलं की तुमचं डावं वळण कमकुवत आहे. तेव्हापासून तो डावीकडे वळतच नाही आणि रोज चुकीच्या आळीत उतरतो. तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जातानाचा वेग धरून आमच्या पाद्रीबाबांना एक पदक मिळालं, ते त्यांनी रविवारच्या प्रवचनात सांगितलं. पूर्वी पाळण्यात शेजारी बसलेल्याच्या घरची सगळी खबर मिळायची. आता शेजारी त्याच्या गुडघ्यांचा आलेख दाखवतो.

डिसेंबरच्या सभेत गेबहार्ट उभा राहिला. "लेओपोल्डचं ते घड्याळ आता पुरे. त्याचा अंगठा दुखतो, एक सेकंद उशिरा दाबतो. यापुढे अ‍ॅप मोजेल, सरासरी अ‍ॅप काढेल, आणि अ‍ॅप सांगेल तो निकाल. मग कुणाची कुरकुर चालणार नाही."

"आणि ज्यांच्याकडे फोन नाही?" मी विचारलं.

"कोण आहे असं?" त्याने सभोवार पाहिलं. "तू एकटीच आहेस, बुर्गी. तू तशीही सहा मिनिटं घेतेस. सरासरी दोनच्या आसपास असते. तुझ्याने काय फरक पडतो?"

हात वर झाले. लेओपोल्डने चाळीस वर्षं गळ्यात बाळगलेलं घड्याळ शाळेच्या कपाटात, पेंढा भरलेल्या घुबडाशेजारी ठेवलं गेलं.

माझी सून रोमाना हिने मला तिचा जुना फोन दिला आणि त्यात ते अ‍ॅप घालून दिलं. "आई, तुम्ही काही करू नका. वरच्या खांबापासून ते आपोआप सुरू होतं, खालच्या फाटकाशी थांबतं. फक्त थंडी लागू देऊ नका त्याला. गारठला की मरतो."

हे मला समजलं. आम्ही शाळेत जायचो तेव्हा आई दोन्ही खिशांत एकेक उकडलेला गरम बटाटा घालायची. वाटेत हात शेकायचे, दुपारी खायचे. शर्यतीच्या सकाळी उणे अठरा होतं. मी एक मोठा बटाटा उकडला, फडक्यात गुंडाळला आणि फोनसकट क्विरिनच्या लोकरी मोज्यात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

तेवीस जण होतो. एकेका मिनिटाच्या अंतराने सोडत होते, मी शेवटची. माझ्या पुढे फर्डी होता. कानातल्या बाईने त्याला काहीतरी सांगितलं आणि तो मान डोलवत गेला, उजवीकडे.

मी निघाले. बर्फ छान होता, वरून कोरडा, खाली घट्ट. मला घाई नव्हती. घाई करण्याजोगी कंबरही नव्हती. तिसऱ्या वळणावर क्विरिनची आठवण येते, तशी आली. शेवटचं वळण घेतलं आणि समोर पाहते तर फाटकाच्या दहा हात वर सगळं गाव उभं.

मला वाटलं कुणी पडलं. पडलं कुणीच नव्हतं. सगळे हातमोजे काढून फोन धरून उभे होते.

"का थांबलात?" मी वेग कमी करत विचारलं.

"सरासरीची वाट बघतोय," फर्डी म्हणाला. तो कसा कोण जाणे, पोचला होता. "पहिला गेबहार्ट आला. म्हणाला, सरासरी कळल्याशिवाय मी कशाला पार होऊ? मग त्याच्या मागचे थांबले."

"अरे, पण कुणी पार झाल्याशिवाय सरासरी येणार कुठून?"

"तेच," पाद्रीबाबा म्हणाले. "गेबहार्ट, तू जा ना पुढे."

"तुम्ही व्हा ना पुढे, बाबा. तुमच्याकडे पदक आहे." गेबहार्टचे ओठ निळे पडले होते. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन काळा झाला. त्याने तो झटकला, त्यावर फुंकर मारली, काखेत धरला. "माझा गेला," तो म्हणाला.

"माझा कधीच गेला," फर्डी म्हणाला. "मी उगाच उभा आहे, सगळे आहेत म्हणून."

मी त्यांच्यामधून वाट काढत गेले आणि फाटक पार केलं. माझ्या छातीतून ती बाई स्वच्छ आवाजात बोलली: "शर्यत पूर्ण. स्पर्धक एक. सरासरी वेळ सहा मिनिटं अकरा सेकंद. तुमची वेळ सहा मिनिटं अकरा सेकंद. फरक शून्य."

वर सगळ्यांनी आपापले फोन झटकून पाहिले, पण एकही चालू झाला नाही. मग लेओपोल्ड, ज्याला यंदा काहीच काम नव्हतं, कुंपणाला टेकून इतका हसला की त्याला धरावं लागलं.

"हे धरता येणार नाही," गेबहार्ट म्हणाला.

"अ‍ॅप सांगेल तो निकाल," मी म्हटलं. "कुरकुर चालणार नाही. तूच म्हणालास ना?"

"पण तुझाच कसा चालू राहिला?"

मी मोजा काढून त्याला बटाटा दाखवला. त्याने तो हातात घेतला, आणि हात शेकल्यावरही बराच वेळ परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खानावळीत जाऊन त्या बाकावर बसले. झेन्झीने न विचारता सूप ठेवलं. पाठीला शेगडी अगदी हवी तेवढी गरम लागत होती. मग मी खिडकीकडे वळले.

उतार दिसत नव्हता. समोर लाकडांची रास, तिच्यावर पत्रा, आणि तिच्या अलीकडे खानावळीची पायरी, जिथे आत येण्याआधी लोक कपड्यांवरचा बर्फ झटकतात. बस्स, एवढंच.

मी सूप गार होईपर्यंत ती पायरी बघत बसले. फर्डी आला, त्याची डावी बाजू कोरडी होती, उजवी पांढरी. मग पाद्रीबाबा, मागच्या बाजूने पांढरे. मला माझा तेव्हाचा तपकिरी झगा आठवला. पायरीवर उभी राहून मी तो झटकायचे, डावीकडून, आणि वर बघायचेच नाही.

तेवढ्यात गेबहार्ट आला. पायरीवर थांबून त्याने उजवा खांदा झटकला, मग उजवी मांडी. आत आला, बाकाकडे पाहिलं आणि सवयीने दोन पावलं टाकून थबकला.

"काय गेबहार्ट," मी म्हटलं, "आज उजव्या वळणावर आडवा झालास ना?"

त्याने खिशातला फोन चाचपला. "तुला कसं कळलं? अ‍ॅपवर आलं का?"

"इथून सगळा उतार दिसतो."

तो वाकून माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघायला लागला. "दोन हिवाळे बसलो मी इथे," तो म्हणाला. "मला तर एकदाही दिसला नाही."

"मान खाली असायची तुझी," मी म्हटलं, आणि झेन्झीला सूप पुन्हा गरम करून आणायला सांगितलं.