हा दात उपटायचा नाही

मोफत शिबिरात दात उपटतात, वाचवत नाहीत. उपटायला एक इंजेक्शन, एक पकड आणि कापसाचा बोळा पुरतो. वाचवायला खुर्ची लागते, यंत्र लागतं, तीन-चार खेपा लागतात. म्हणून ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा दात तोंडात राहतो आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचा ट्रेमध्ये पडतो. याला आमच्याकडे सेवा म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शिबिर आमच्या घरचंच. सासऱ्यांच्या नावाने ट्रस्ट आहे, थोरले दीर त्याचे अध्यक्ष, आणि मी घरातली दातांची डॉक्टर, म्हणून पकड माझ्या हातात. शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीतून येईल तेवढा उजेड. टेबलावर उपटलेल्या दातांसाठी मोठा स्टीलचा ट्रे. दुपारी पाहुणे आले की तो ट्रे पुढे ठेवून फोटो काढतात. ट्रे भरलेला दिसला की भाऊजी खूश असतात.

यंदा रांगेत एक बँडवाला आला. लग्नात, मिरवणुकीत ट्रम्पेट वाजवणारा. गाल सुजलेला आणि वरचा पुढचा दात किडून काळा पडलेला. मी आरसा घालून पाहिलं, दात हलवून पाहिला. नस गेली होती, पण मूळ घट्ट होतं. रूट कॅनाल करून कॅप बसवली, तर हा दात त्याला म्हातारपणापर्यंत पुरला असता.

"काढा बाई," तो म्हणाला. "डोक्यात घण पडतायत नुसते."

"आणि ट्रम्पेट कशावर टेकवणार? हा दात गेला की ओठाला आधार राहणार नाही. सगळा वारा निसटून जाईल."

"मग झांजा वाजवीन. झांजांना दात लागत नाहीत."

तो हसायला गेला आणि कळवळला. मी विचारलं, "झांजवाल्याला मिळतं तरी काय?"

"जेवण. आणि मागची जागा."

"हे सगळं माहीत असून उपटायला आलात?"

"इथं दुसरं काय मिळतं, बाई?"

मी पकड खाली ठेवली. रांग थांबलेली पाहून भाऊजी लगबगीने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर अध्यक्षाचा बिल्ला. चारचौघांत ते मला अहो-जाहो करतात.

"काय डॉक्टरीणबाई, चहा हवाय का? पाहुणे निघालेत तिकडून."

"हा दात उपटायचा नाही, भाऊजी. वाचणारा आहे."

"असेल. पण आपल्याकडे ती सोय नाही ना. दुखणं थांबलं की झालं. फुकटात आणखी काय हवं असतं माणसाला?"

"पैसे देणाऱ्याला हवं असतं तेच."

भाऊजी हसले. हसले तेव्हा त्यांचा वरचा पुढचा दात मला दिसला. तो दात मी चांगला ओळखते. दोन वर्षांपूर्वी हेच भाऊजी बाथरूममध्ये घसरून पडले होते. दात अर्धा तुटून नस उघडी पडली होती. तोंडावर रुमाल धरून ते माझ्या दवाखान्यात आले आणि माझा हात घट्ट धरून म्हणाले, "काहीही कर, पण काढू नकोस. लोकांपुढे बोलणार कसा मी?" डोळ्यांत पाणी होतं. मी तो दात वाचवला. वर कॅप अशी बसवली की आमच्या जाऊबाईंनाही खोटा कोणता ते सांगता येत नाही.

हे सगळं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण पेशंटची गोष्ट पेशंटची, मग तो दीर का असेना. मी गिळून टाकलं.

"यांना आजच दवाखान्यात नेते," मी म्हणाले. "आणि रांगेतला ज्याचा-ज्याचा दात वाचेल, त्याला पण तिकडेच बोलावते. ट्रस्टला सेवाच करायची आहे ना? मग होऊ दे खर्च."

भाऊजी जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दवाखाना कुणाच्या घरात आहे, ते लक्षात आहे ना?"

दवाखाना तळमजल्यावर आहे आणि वरच्या मजल्यावर भाऊजी राहतात. जागा गेली तर खुर्ची, एक्स-रे, सगळा संसार कुठे हलवायचा? पण हात बॅटरीकडे गेले होते. मी आरसा आणि बॅटरी घेऊन रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. तोंड उघडा. तुमचा गेलाय, बसा, काढते. तुमचा वाचतो, घरी जा आणि उद्या दवाखान्यात या. तुमचाही वाचतो. काही जण माझ्याकडे संशयाने बघत होते, आणि त्यांचं काय चुकलं? त्यांना आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं.

पाहुणे आले तेव्हा ट्रेच्या तळाशी जेमतेम चार दात होते. भाऊजींचा चेहरा उतरला. फोटोवाल्याने सगळ्यांना उभं केलं. मी बँडवाल्याला हाताला धरून आणलं आणि भाऊजींच्या शेजारी उभं केलं.

"हसा!" फोटोवाला ओरडला.

बँडवाला काळ्या दातासकट हसला. भाऊजींनीही तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांची नजर माझ्याकडे वळली तेव्हा मी बोटाचं नख माझ्या पुढच्या दातावर दोनदा टकटक वाजवलं. बस, एवढंच. भाऊजींनी शेजारच्या काळ्या दाताकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. ट्रस्टच्या ऑफिसात तो फोटो आजही टांगलेला आहे. त्यात सगळे हसताहेत आणि अध्यक्ष तेवढे ओठ घट्ट दाबून उभे आहेत.

त्या संध्याकाळीच मी बँडवाल्याचा दात उघडून आतला पू काढला. दुसऱ्या दिवसापासून शिबिरातली माणसं येऊ लागली आणि पार जिन्यापर्यंत बसू लागली. आठवड्याभरात वरून निरोप आला: जिना अडतोय, नवीन जागा बघा. निरोप घेऊन आमचे हे आले. बिचाऱ्यांचं कायम दोन्हीकडून मरण.

"काय सांगू दादाला?" त्यांनी विचारलं.

"सांगा, जागा शोधतेय. मिळेपर्यंत जिना अडणार. आणि कॅप कधी दुखायला लागली तर जिथे असेन तिथे या म्हणावं. रांगेत बसावं लागेल."

"कसली कॅप?"

"त्यांना कळेल."

बँडवाल्याच्या कॅपचं काम संपलं, त्यानंतर काही दिवसांनी तो ट्रम्पेट घेऊनच आला. खुर्चीत ताठ बसला. ट्रम्पेट ओठांना लावलं, पण फुंकेना.

"दाब द्या की!" मी म्हणाले.

"तुटला तर?"

"तुटला तर पुन्हा करीन. वाजवा."

त्याने डोळे मिटून फुंकलं. आधी नुसता वारा, मग चिरका आवाज, आणि मग असा सूर लागला की ट्रेमधले आरसे थरथरले. जिन्यावरची माणसं दारात गोळा झाली. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

बँडवाला घाबरून थांबला आणि छताकडे बोट दाखवून माझ्याकडे बघू लागला.

"थांबलात का?" मी म्हणाले. "आणखी जोरात."