बोटीवरचा काता

आमच्या ह्यांचं तेरावं होऊन आठवडा उलटला नव्हता, तोच ह्यांचा जुना विद्यार्थी विघ्नेश शहाळी घेऊन दारात उभा. बोलत होता माझ्याशी आणि बघत होता दारामागच्या खिळ्याकडे. त्या खिळ्यावर ह्यांचा ब्लॅक बेल्ट टांगलेला असतो. नावाला ब्लॅक, झिजून झिजून कडेचा पांढरा कापूस वर आलाय. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं त्याने आधी सरांचं भरपूर कौतुक केलं. मी वाट बघत बसले, हा मुद्द्यावर कधी येतोय म्हणून.

हे म्हणजे चंद्रहास पेडणेकर. दिवसा गोदीत कारकून आणि संध्याकाळी फुलपाड्याचे कराटेवाले सर. सत्तरच्या सुमारास गोदीत लागलेल्या एका जपानी बोटीवरच्या इंजिनिअरकडून शिकले, अशी त्यांची गोष्ट. खरीखोटी देव जाणे. त्या जपान्याने जाताना त्यांना एक काता दिला. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. समोर शत्रू आहे असं समजून एकट्याने करायची. वर्गातली पोरं त्याला बोटीवरचा काता म्हणायची, पण तो कुणी पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता. आमचं घर म्हणजे बाहेरची एक खोली आणि आत स्वयंपाकघर. हे पहाटे बाहेरच्या खोलीत करायचे आणि मी आतून चहा ढवळता ढवळता बघायचे. मला म्हणाले होते, "जयू, हा मी कुणाला देणार नाही. माझ्याबरोबरच जाईल."

आणि आता विघ्नेश म्हणत होता, "वहिनी, सरांनी तो काता मला दिलाय. ब्याण्णव साली. इथेच, या रूममध्ये, संडेला सकाळी."

"रविवारी सकाळी मी घरात नसायची?"

"तुम्ही मार्केटला जायचात ना. सर बोलले होते, फक्त तुला देतोय, कोणाला बोलायचं नाही. म्हणून गप्प होतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नरहरीपण येईल बघा. तोपण हेच सांगेल. त्याने कुठून तरी चोरून बघितलंय. सांभाळून हां वहिनी."

नरहरी आला तो दुसऱ्याच दिवशी. हा वसईच्या होळी भागातला, घरची बागायत. अळूची जुडी आणि केळ्यांचा फणा माझ्यापुढे ठेवला. विघ्नेश फुलपाड्याचा वर्ग बघतो, नरहरी वसईचा. दोघांत वीस वर्षांची तेढ. एकाचं पोरगं स्पर्धेत जिंकलं की दुसरा म्हणणार, पंच फितूर होते.

"वहिनी," नरहरी म्हणाला, "सरांनी बोटीवरचा काता मला शिकवला. अठ्ठ्याण्णव साली. रविवारी, इथेच. फक्त तुला, असं म्हणाले होते. विघ्नेशने उगाच दावा सांगू नये, एवढंच सांगायला आलो."

मी दोघांनाही चहा दिला आणि दोघांवरही काडीचा विश्वास ठेवला नाही. ज्याच्याकडे तो काता, तो वारस. त्यालाच बेल्ट, परीक्षेला खुर्चीत तोच बसणार, पोरांच्या सर्टिफिकिटावर सही त्याची. जानेवारीत परीक्षा होती. आईबाप मला जिन्यात गाठून विचारायला लागले होते, की आता आमच्या मुलाने कुठे जायचं. वर्ग फुटला की ह्यांचं नाव वर्षभरात पुसलं जाणार, हे मला दिसत होतं. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांचं जे काय मागे राहिलं ते त्या वर्गातच. ते एखाद्या खोटारड्याच्या हाती द्यायला माझा जीव होत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर रविवार म्हटल्यावर माझ्या मनात दुसरीच पाल चुकचुकली होती. ती फार जुनी होती.

दर रविवारी सकाळी हे मला भाजीला पाठवायचे, तेही स्टेशनजवळ नाही, पार आगाशीला. म्हणे तिथली भाजी ताजी. मी उन्हातान्हात पिशव्या ओढत घरी यायची तर मोरीत दोन कप धुऊन पालथे घातलेले. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, त्याने कप धुवावेत? आणि दोन? मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल याची भीती वाटायची. मधे काही वर्षं ते थांबलं. मी म्हटलं, सुटले. मग पुन्हा सुरू झालं. पुन्हा आगाशी, पुन्हा दोन कप. वरच्या मजल्यावरच्या एका बाईशी मी त्या काळात वर्षभर बोलले नाही. तिला बिचारीला कारण अजून माहीत नसेल.

आता ज्यांना विचारायचं ते गेले होते, आणि हे दोघं येऊन सांगत होते, रविवारी आम्ही होतो. खरं असतं तर माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसता, म्हणूनच मला ते खरं वाटेना. आपल्याला हवं तेच कुणी दारात आणून दिलं की समजावं, यात पाणी मुरतंय.

मी दोघांना एकाच रविवारी बोलावलं. "काता करून दाखवा," म्हटलं. "एकेकट्याने. गच्चीवर. दुसऱ्याने खाली माझ्या घरात बसायचं."

"तुम्हाला काय कळणार वहिनी त्यातलं?" विघ्नेश हसला.

"नाही कळलं तर नाही कळलं. बेल्ट माझ्या खिळ्यावर आहे ना?"

गच्ची मोकळी होती. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. विघ्नेशने वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, हा कुठे अडखळतो, कुठे मनाचं घालतो. पण पहिल्या काही हालचाली तंतोतंत ह्यांच्या. मान वळवण्याची ढबसुद्धा. मग तो वळला, पुढे लांब पाऊल टाकणार तेवढ्यात पाय अर्ध्यावर आवरला, कंबर तिरकी केली आणि सरकून पुढे गेला. समोर अख्खी गच्ची रिकामी पडली होती.

संपल्यावर घाम पुसत म्हणाला, "तो शॉर्ट स्टेप बघितलात? तोच सिक्रेट आहे. समोरच्याला वाटतं आपण लांब येणार, आणि आपण आतून घुसतो. हा कोणाकडे नाही. मी बारा वर्षं पोरांना बाकीच्या कात्यांतपण हळूहळू तो शिकवतोय."

 माझ्या उजव्या नडगीवर एक जुना वण आहे, त्यावरून मी हात फिरवत बसले.

त्याला खाली धाडलं आणि नरहरीला वर बोलावलं. तो विघ्नेशपेक्षा सावकाश, पण पाय जमिनीत रोवलेला. त्या वळणावर मी पुढे सरकून बसले. त्याने पाऊल पूर्ण टाकलं, लांब, ऐसपैस. म्हणजे दोघांतला एक खोटा, असं मनाशी म्हणेपर्यंत तो शेवटाकडे आला. तिथे मागच्या शत्रूला कोपर मारायचं असतं, खांद्यापासून जोर काढून. नरहरीने कोपर अर्ध्यात थांबवलं आणि बरगडीला चिकटवलं.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"बरगडी झाकायला. सरांनी फार बजावून सांगितलं होतं, कोपर बाहेर गेलं तर मेलास."

मला हसू फुटलं. असं फुटलं की थांबवता येईना, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. नरहरी घाबरून खाली पाणी आणायला धावला आणि परतला तेव्हा त्याच्या मागोमाग विघ्नेशही धापा टाकत वर आला.

"चला खाली," मी म्हटलं. "दाखवते तुम्हाला सिक्रेट."

बाहेरच्या खोलीत मी खिडकीखालच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "विघ्नेश, ब्याण्णव साली इथे काय होतं?"

तो आठवून म्हणाला, "दिवाण. लाकडी. मी त्यावर शर्ट काढून ठेवायचो."

"त्याचा कोपरा पार इथपर्यंत यायचा. पूर्ण पाऊल टाकलं की नडगी फुटायची. माझी फुटली आहे. हे रोज पहाटे तिथे पाय आखडून तिरके व्हायचे. शत्रू कसला? दिवाण चुकवायचे." मग मी नरहरीकडे वळले. "शहाण्णवच्या गणपतीआधी आम्ही फ्रीज घेतला. स्वयंपाकघरात मावेना, म्हणून बाहेर, या भिंतीला. त्याला जागा करायला दिवाण माझ्या दिराकडे नालासोपाऱ्याला गेला. म्हणून तुझं पाऊल लांब. आणि हे बघ फ्रीजचं हँडल. कोपर बाहेर गेलं तर कोण मरणार होतं? नवा फ्रीज. बजावून सांगणारच."

दोघं फ्रीजकडे बघत उभे राहिले. 

म्हणजे दोघंही खरे होते. दोघंही याच खोलीत, आपापल्या सालात, ह्यांच्यासमोर उभे राहिले होते. नुसतं चोरून बघणाऱ्याला दिवाणावर शर्ट ठेवता आला नसता, की कोपराबद्दल कुणी बजावलं नसतं.

"पण सर मला बोलले होते, फक्त तुला," विघ्नेश म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मलाही तेच म्हणाले," नरहरी म्हणाला. "म्हणजे सर आपल्याशी..."

"खबरदार," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला माझ्या घरात खोटारडा म्हणायचं नाही. ते काम माझं आहे. मला काय सांगितलं होतं ठाऊक आहे? कुणालाच देणार नाही म्हणून."

मला खरंच राग आला होता. एका कात्याचे तीन तुकडे करून तिघांना वेगवेगळी पुडी बांधून दिली होती ह्यांनी, आणि आम्ही तिघं आपापली पुडी उराशी धरून एकमेकांकडे संशयाने बघत बसलो होतो. पण राग नीट टिकेना, कारण मला एक विचारायचं होतं आणि त्यासाठी जीभ रेटत नव्हती.

"चहा," मी म्हटलं. "रविवारी चहा व्हायचा?"

"सर करायचे," विघ्नेश म्हणाला. "आल्याचा. कप मी धुवायचो."

"मीही धुवायचो," नरहरी म्हणाला. "सर म्हणायचे, वहिनींना कळलं तर दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळेल."

एरवी या बोलण्यावर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मी आत गेले, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. किती वर्षं साप साप म्हणून भुई धोपटत होते मी, आणि तो माणूस त्याच घरात माझ्या हातचं जेवत होता. एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? मोरीत बघितलं, तर सकाळी दोघांना दिलेल्या चहाचे दोन कप धुऊन पालथे घातलेले.

जानेवारीच्या परीक्षेला खुर्च्या दोन मांडल्या. सह्या दोघांच्या ठरल्या. बेल्ट मी कुणालाच दिला नाही. पर्समध्ये घालून नेला आणि टेबलावर मधोमध ठेवला. आधीचे रविवार दोघं माझ्या गच्चीवर सराव करत होते. मीच मास्तरीण. "विघ्नेश, पाय पूर्ण टाक. नरहरी, कोपर उघड." आडातलं पाणी दोघांच्या पोहऱ्यात अर्धं अर्धं आलं होतं, ते एकत्र करायचं एवढंच. तरी मनात यायचं, तो जपानी तरी कशावरून बोटीवरचा एखादा दोरखंड चुकवत नसेल?

परीक्षेनंतर दोघं सगळ्यांसमोर बोटीवरचा काता करणार होते. लग्नाचा हॉल घेतला होता. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या आणि मधे नुसती लादी. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. सुरुवातीला श्वाससुद्धा एक. मग ते वळण आलं. मी ओठातल्या ओठात म्हटलं, पाय टाक. विघ्नेशचा पाय सुटला, अर्ध्यावर आखडला, कंबर तिरकी झाली. शेवटाला नरहरीचं कोपर निघालं आणि बरगडीला येऊन चिकटलं.

आईबापांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय दिसणार? मला मात्र त्या मोकळ्या हॉलमध्ये खिडकीखाली दिवाण दिसला, भिंतीला फ्रीज दिसला, आणि दोन्हींना चुकवत पहाटेच्या उजेडात हे वळताना दिसले. कुणीतरी माझं घर उचलून तिथे नेमकं मांडून ठेवलं होतं.

विघ्नेश खाली मान घालून माझ्याकडे आला. "सॉरी वहिनी. एवढी प्रॅक्टिस करूनपण पाय अडलाच."

"अडणारच," मी म्हटलं. "दिवाण होता ना तिथे."