पत्र्याला लागला तर आऊट

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. माणसांत या वयाला पहिलीत घालतात, पुठ्ठ्यांत आजोबा म्हणतात. माझ्याबरोबर जन्मलेले बाकीचे सगळे वर्षाच्या आत रद्दीत गेले.

माझा जन्म कुठल्या झाडापासून झाला, ते सांगता येणार नाही. माझ्यात निम्मा लगदा जुन्या लग्नपत्रिकांचा आहे, एवढं मात्र नक्की, कारण अधूनमधून मला उगाचच कोणाला तरी सहकुटुंब बोलवावंसं वाटतं. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात माझा खोका झाला. खोक्याला चार भिंती होत्या, त्यांतली मी डावी. माझ्यावर मोठा बाण छापला होता, 'ही बाजू वर'. तो बाण नीट वाचून लोक खोका उलटा ठेवत. नियम लिहिला म्हणजे तो पाळला जातोच असं नाही, हे मला लहानपणीच कळलं.

खोक्यातून बेअरिंगं आली, ती तळवड्यातल्या मारुतरावांच्या कंपनीत. मारुतराव इथलेच. आज जिथे प्रेस मशिनं धडधडतात तिथे त्यांचे वडील कांदा लावायचे. कंपनीत बावीस माणसं. गाडीच्या सीटखाली बसणारी एक लोखंडी पट्टी तिथे बनते. गाडीत बसणाऱ्याला ती पट्टी जन्मात दिसत नाही, पण नसली तर लगेच कळतं. सगळा माल चाकणच्या एकाच मोठ्या कंपनीला जातो.

शेडच्या मागच्या भागात एक जुनं मशिन होतं. ते विकल्यावर चाळीस फुटांची जागा मोकळी झाली. बाहेर ऊन आणि वळणारे ट्रक. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत माणसं आतच क्रिकेट खेळू लागली. बॅट माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या फळीची, स्टंप म्हणजे प्लॅस्टिकचा क्रेट, आणि चेंडू मशिन पुसायच्या सुती धाग्यांचा, वरून चिकटपट्टी गुंडाळलेला.

नियम मात्र नव्हते. एकदा चेंडू वर पत्र्याला लागला आणि खाली एकाच्या हातात पडला. तो आऊट की नाही, यावर चार दिवस वाद चालला. त्या चार दिवसांत एकही चेंडू पडला नाही आणि तरी दोन्ही संघ आपण जिंकल्याचं सांगत होते. शेवटी पॅकिंगच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "लिहून काढा की एकदाचं. तुमच्या नादात माझी भाकरी गार होते."

लिहायचं काम योगिनीकडे आलं. योगिनी क्वालिटी विभागात. म्हणजे तो विभागच ती. रोज निगडीहून स्कूटरवर येते. तिला कंपनीच्या पद्धतीशिवाय काही लिहिताच येत नाही. आईला दिलेल्या किराण्याच्या यादीवरही ती 'रिव्हिजन दोन', म्हणजे दुसरी दुरुस्ती, असं टाकते. तिने मला खोक्यापासून कापून घेतलं, कडा सरळ केल्या आणि वर लिहिलं: मागची शेड, क्रिकेट, रिव्हिजन शून्य. खाली तीन रकाने. तयार केलं, योगिनी. तपासलं, प्रेसवरचा भीमराज. मंजूर, कौशल्याबाई. कौशल्याबाईंनी आधी भाकरी संपवली, हात धुतले आणि मगच सही केली.

अशी माझी नोकरी लागली.

नियम साधे होते. चेंडू थेट पत्र्याला लागला तर आऊट. भिंतीला लागून एका हातात आला तरी आऊट. आऊट झालेल्याने बाहेर जायचं नाही, खेळत राहायचं, पण पाच धावा कापायच्या. कोपऱ्यातल्या हवेच्या कॉम्प्रेसरला लागला तर दोन धावा. कॉम्प्रेसर मध्येच आपणहून सुरू झाला तर आवाजात काही कळत नाही, म्हणून तो चेंडू पुन्हा टाकायचा. पंच कौशल्याबाई, त्या जेवत असतील तर निकाल जेवणानंतर. वाद घालणाऱ्याने सगळ्यांचे डबे धुवायचे. मारुतराव आले तर खेळ नव्हताच. आणि नववा नियम असा, की झेल घेतलेला चेंडू बॅटला लागल्याचं कोणी पाहिलं नसेल तर बॅट्समनने स्वतः सांगायचं.

हा नववा नियम सगळ्यांनी मोठ्या आनंदाने मान्य केला आणि पाळला एकट्या भीमराजने. फळीला धागा चाटून गेला तरी तो म्हणायचा, "लागला बरं का." वर्षाअखेर त्याची धावसंख्या उणे तीनशे दहा होती. याहून कमी धावा करायच्या तर खेळाडूला आधी जन्मच घ्यायला नको.

भीमराज परभणीकडचा. तळवड्यात चौघांत मिळून एक खोली. बायको आणि सहा वर्षांची विजयश्री गावाकडे. पण या जूनमध्ये दोघींना आणायचं ठरलं होतं. वेगळी खोली बघून झाली होती. मुलीचं नाव शाळेत घालून झालं होतं. जेवताना तो माझ्याकडे तोंड करून बसायचा आणि फोनवर तिला सांगायचा, "शाळा लई मोठी हाय. हितून गच्चीबी दिसती." शाळा तिथून दिसत नव्हती. त्याला दिसत होती.

आणि मार्चात ऑडिट आलं.

चाकणच्या कंपनीचा माणूस येणार, सगळं तपासणार, आणि त्याला पटलं नाही तर काम दुसरीकडे जाणार. काम गेलं तर बावीस माणसं घरी. भीमराजच्या बाबतीत तर खोली, शाळा, जून, सगळं एका दमात जाणार होतं. त्यात ऑडिटर मशिनवरच्या माणसालाच प्रश्न विचारतो. म्हणून योगिनीने भीमराजकडून त्याच्या मशिनची कामाची पद्धत पंधरा दिवस पाठ करून घेतली.

"पाठ करायलोय ताई, पण राहीना गेलंय. सातवी पायरी आली की पहिली पळून जाती."

"भीमराजदादा, क्रिकेटचे सगळे नियम कसे पाठ आहेत तुम्हाला?"

"ते पाठ कुठं केलेत? ते खेळलोय."

आता या कारखान्यांच्या भागातली एक रीत सांगतो. ऑडिटच्या दिवशी कंपनीत जे जे दिसू नये ते सगळं टेम्पोत भरतात आणि टेम्पो फिरायला पाठवतात. मोडकी खुर्ची, गंजलेला माल, जुने डबे, सगळ्यांची दिवसभर सहल. ऑडिटर गेला की सहल परत. आमच्याकडे टेम्पो धोंडीबाचा. मारुतरावांनी सकाळीच त्याला बजावलं, "धोंडीबा, सांजपोत्तर हिकडं फिरकायचं न्हाई. आन् फोन उचलायचा न्हाई, कुनाचाबी."

"तुमचा आला तर, मालक?"

"माझाबी न्हाई."

त्याच सकाळी भीमराजच्या मशिनवर सहा पट्ट्या वाकड्या निघाल्या. त्याने त्या मोजून, चिठ्ठी लावून बिघडलेल्या मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकल्या. मारुतरावांनी तो क्रेटही टेम्पोत चढवला आणि योगिनीला फळ्यावर लिहायला लावलं: आज बिघडलेले नग, शून्य. योगिनीने लिहिलं, पण अक्षर तिचं वाटत नव्हतं.

राहिलो मी. टेम्पो तोवर भरून गेला होता. भीमराज म्हणाला, "ह्याला उलटा लावू. मागनं निस्ता बाण हाय." मग माझ्या पाठीवर कामाच्या पद्धतीचा कागद डकवला आणि मला उलटं करून त्याच खिळ्याला, त्याच दोरीने टांगलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतीकडे बघत होतो. भिंत चांगली आहे. बोलत नाही.

ऑडिटर साहेब साडेअकराला आले. बारीक, शांत, खिशात एकच पेन. योगिनीच्या फायली बघून ते मागच्या शेडकडे आले. साहेबांना उकडू नये म्हणून मारुतरावांनी मोठा उभा पंखा लावला. त्याचा झोत माझ्यावर आला, मी दोरीवर गर्रकन फिरलो आणि सरळ झालो.

साहेबांनी भीमराजला विचारलं, "कामाची पहिली पायरी कोणती?"

भीमराजने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी त्याच्या नजरेबरोबर माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली. "चेंडू थेट पत्र्याला लागला तर आऊट." ते वर बघत म्हणाले, "हाच पत्रा?"

"हाच, साहेब," कौशल्याबाई म्हणाल्या. "ते पोचे पडलेत ना, ते सगळे आऊट."

मारुतरावांनी खांब धरला. साहेब खाली खाली वाचत गेले. नवव्या नियमाशी थांबले. "असं स्वतःहून कोणी सांगतं?"

"हा भीमराज सांगतो. म्हणून तर बिचारा उणे तीनशे दहा," कौशल्याबाई म्हणाल्या.

साहेबांनी फळ्यावरचं शून्य बघितलं, मग भीमराजला बघितलं. "सकाळपासून तुमच्या मशिनवर किती नग बिघडले?"

मित्रांनो, पुठ्ठ्याला घाम येत नाही. आला असता तर मी तिथेच मऊ पडलो असतो. शून्य म्हटलं की काम राहणार होतं. भीमराजच्या डोळ्यांपुढे कोण उभं होतं ते मला कळत होतं.

"सहा," तो म्हणाला.

आणि नेमका कॉम्प्रेसर सुरू झाला. सगळी शेड घरघरली. साहेबांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

चेंडू पुन्हा टाकला गेला होता. साहेबांच्या मागे उभे राहून मारुतरावांनी दोन्ही हातांनी मोठ्ठं शून्य करून दाखवलं. दिवसभर ते हात तसेच धरायची त्यांची तयारी दिसत होती. भीमराजने ते पाहिलं. आवाज थांबायची वाट पाहिली.

"सहा, साहेब. सहा नग वाकडे निघाले. चिठ्ठी लावून लाल क्रेटमधी टाकले."

"क्रेट कुठे आहे?"

"टेम्पोत."

"टेम्पो कुठे आहे?"

"फिरतोय, साहेब."

योगिनीने फळ्यापाशी जाऊन शून्य पुसलं आणि सहा लिहिला. हे अक्षर तिचं होतं.

साहेब म्हणाले, "बोलवा टेम्पो." मारुतरावांनी फोन लावला. धोंडीबा आज्ञेत राहणारा माणूस. त्याने अकरा वेळा मालकाचा फोन उचलला नाही. बाराव्यांदा त्याच्या बायकोला फोन करायला लावलं, तो मात्र त्याने उचलला. तेव्हा तो सांगवीत नदीकाठी टेम्पो लावून झोपला होता. तो येईपर्यंत दीड तास गेला. मध्ये जेवणाची सुट्टी झाली. खेळावं की नाही कोणाला कळेना. साहेबांनीच फळी हातात घेतली, पहिला चेंडू थेट पत्र्याला मारला आणि "हा जरा वाऱ्याने गेला" असं म्हणाले. कौशल्याबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी बावीस डबे धुतले.

टेम्पो आला. मोडक्या खुर्चीखाली लाल क्रेट, त्यात सहा पट्ट्या, चिठ्ठीवर तारीख, वेळ, भीमराजची सही. साहेबांनी चिठ्ठी वाचली, पट्ट्या मोजल्या. मग म्हणाले, "प्रत्येक कंपनीचा एक टेम्पो असतो, मारुतराव. रस्त्यात मला ते एकमेकांना हात करताना दिसतात. तो आहे असं सांगणारा माणूस मात्र आजच भेटला."

त्यांनी नऊ त्रुटी लिहिल्या. सुधारायला तीन महिने दिले. काम राहिलं. नववी त्रुटी माझी होती: 'भिंतीवरील पुठ्ठा. मजकूर सर्वांना माहीत, अंमल चालू. कागदपत्रांच्या यादीत नोंद नाही. करावी.'

साहेब गेल्यावर मारुतराव क्रेटवर बसले. "भीमराजा, सहा पट्ट्यांपायी तू मला ह्या वयात खरं बोलाया लावलंस की रं."

"चुकलं का, मालक?"

"न्हाई. सवय न्हाई, येवढंच. जून कवा हाय?"

"मे झाला की, मालक."

"मंग आमचा टेम्पो घिऊन जा सामान आनाया. तसाबी आता तो मोकळाच हाय."

माझ्या पाठीवरचा कागद काढताना माझी थोडी साल गेली. त्याचं काही वाटत नाही. मला आता प्लॅस्टिकचं आवरण आहे आणि यादीत नंबर आहे. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, तेव्हा विजयश्री बापाबरोबर येऊन खेळते. सध्या तिची धावसंख्या उणे चाळीस आहे. मी समाधानी आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी जिन्यात, कधी पार्किंगमध्ये, कधी आई बाहेर गेल्यावर हॉलमध्ये खेळतच असाल. एक सांगतो. नियम आधी लिहा. भांडणानंतर लिहिलेले नियम दांडग्या पोराच्या अक्षरात असतात. ज्यावर लिहाल त्या पुठ्ठ्याला पाण्यापासून जपा. आणि तो भिंतीवर टांगा, खाली ठेवू नका. खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर कोणी तरी येऊन बसतं, आणि बसलेल्या माणसाला स्वतःच्या खालचे नियम कधीच दिसत नाहीत.