गौरम्माच्या हौदातला पहारेकरी
मित्रांनो, मी पाण्याची पातळी ओळखणारा एक सेन्सर आहे. वय अवघं पाच महिने, पण या घरात मला आताच निकामी म्हणतात. खरं सांगू? मी बिघडलेलो नाही. हीच तर माझी रड आहे.

उदगीरच्या शिवलिंग आडत्यानं मला लातूरच्या एका दुकानातून आणलं. तुरीचा दाणा दाताखाली धरून माल ओळखणारा माणूस तो. त्यानं मला तळहातावर तोललं, "जड हाय, टिकंल," म्हणाला आणि घेतलं. मोटर चालू करणारं स्मार्ट बटण त्यानं पुढच्या आठवड्यात नांदेडहून आणलं, तेही असंच तोलून. आमच्या खोक्यांवर बारीक अक्षरांत काय छापलंय, ते काही त्यानं वाचलं नाही.

यंदा दुष्काळ. नळ बारा दिवसांनी येतो, तोही तासभर. अंगणातला हौद लहान, अर्ध्या तासात भरतो. तेव्हाच मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं नाही, तर पुढचं सगळं गटारात. शिवलिंगची आई गौरम्मा गुडघ्यांनी अधू, तरी नळाच्या दिवशी हौदापाशी खुर्ची टाकून बसायची. तिची ही राखण सुटावी म्हणूनच आमची खरेदी. हौद भरला की मी सांगायचं आणि बटणानं मोटर लावायची.

"अव्वा, आता तू उठूच नको," शिवलिंग म्हणाला. "मशीन समदं बघतंय."

"बघंल ना रे नक्की?"

"हाव. लई भारी हाय."

तपासून बघायचं तर हौद भरायला हवा, आणि हौदात वीतभरही पाणी नव्हतं. माझा दिवा हिरवा लागला, बटणाचाही हिरवा लागला. शिवलिंगला तेवढं पुरलं. गौरम्मानं आम्हा दोघांना विभूती लावली. मला फार बरं वाटलं होतं.

नळाच्या दिवशी शिवलिंग मोंढ्यात धान्याच्या सौद्याला गेला होता. गौरम्मा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली होती. नळ आला. तिनं आवाज ऐकला, एकदा डोळे उघडले आणि आमच्या भरवशावर पुन्हा मिटले. हौद भरला. मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. बटण आपलं भिंतीवर गप्प. त्याचा दोष नव्हता मित्रांनो; त्याची बोली वेगळी, माझी वेगळी. देगलूरकडचा तेलुगू बोलणारा आणि देवणीकडचा कन्नड बोलणारा शेजारी बसवावा, तसली गत.

पाणी काठावरून सांडलं, अंगणातून रस्त्यावर गेलं. मी बुडाल्या जागी ओरडत होतो आणि मला काहीही करता येत नव्हतं. शेजारची पंचशीला घागर घेऊन धावत आली. "गौरम्मा, पानी चाललं की समदं!" गौरम्मा भिंतीला धरत उठेपर्यंत नळ गेला होता.

"दोघांचं जमतंय का, ते घेण्याआधी इचारायचं होतं मालक," शिवलिंग मला परत करायला गेला तेव्हा लातूरचा दुकानदार म्हणाला. "उघडलेला माल वापस घेत न्हाई." शिवलिंग मान खाली घालून घरी आला. त्या बारा दिवसांत गौरम्मानं पूजेचं पाणी एका पळीवर आणलं. तिनं मला एक शब्दही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता चौकात उदगीर जिल्हा होणार असे फलक लागलेत. "जिल्हा झाला की रोज नळ येनार म्हनं," पंचशीला परवा सांगत होती.

"येऊ दे माय," गौरम्मा म्हणाली. "तवर हौद कोन बघनार?"

नळाच्या दिवशी ती आता पूजाच हौदापाशी मांडते, आणि डोळे मिटत नाही. म्हणून हात जोडून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्यांना घरी आणण्याआधी एवढं विचारा, की यांचं बोलणं एकमेकांना कळेल का. वजन करून ते कळत नाही. काल हौद भरला, तेव्हाही मी सांगितलं. गौरम्मा खुर्चीला धरून उठली, लंगडत भिंतीपाशी गेली आणि तिनं बटण दाबलं. पण ती उठली ते पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघून.